वर राहिलेलं बोट

मालन चौगुलेंचं डोकं फिरलं ते जेवताना. रविवारची दुपार, ताटात तांबडा रस्सा, समोर लेक बसलेली, आणि लेकीनं भाकरीचा तुकडा मोडला. एवढंच झालं. तुकडा मोडताना ईश्वरीच्या उजव्या हाताचं अंगठीचं बोट ताठ वर राहिलं, बाकीच्या बोटांशी भांडण झाल्यागत बाजूला. मालनबाईंनी स्वतःच्या हाताकडं बघितलं. त्यांचंही तेच बोट तसंच वर होतं.

आता त्यांच्या बोटाला कारण होतं. आयटीआयमध्ये शिकत असताना शेगड्याच्या, म्हणजे लोखंड पकडून धरणाऱ्या व्हाइसच्या, जबड्यात ते सापडलं, सांधा गेला, आणि तेव्हापासून ते वाकतच नव्हतं. पुढं त्याच आयटीआयमध्ये त्या फिटर विभागाच्या शिक्षिका झाल्या, तेव्हा पोरं पाठीमागं त्यांना ‘बोटवाल्या मॅडम’ म्हणायची. पण ईश्वरीचं बोट धडधाकट होतं. एकोणीस वर्षांच्या पोरीचं बोट, त्याला काय धाड भरली होती?

“इशू, बोट खाली घे.”

“कुठलं?” ईश्वरीनं बघितलं, बोट खाली घेतलं, पुढचा तुकडा मोडला. बोट परत वर. ती हसायला लागली. “अगं, बाहीमुळं हुतंय ते. कंपनीत सगळ्यांचंच असंय. चहा पिताना बघशील तर रांगेनं सगळ्यांची बोटं वर. तुझंच बोट ते, तू दिलेलं.”

मालनबाईंनी हातातला घास ताटात परत ठेवला.

ही बाही काय भानगड आहे ते आधी सांगायला पाहिजे. सरकारला हात पाहिजे होते. माणसं नव्हेत, हात. विमानाच्या इंजिनाची पाती बनवणारी एक परदेशी कंपनी तळंदीच्या माळावर यायला तयार झाली होती. तळंदी म्हणजे कोल्हापूरपासून तासाभरावरचं हे गाव. पात्याचं बहुतेक काम यंत्रं करतात. पण ओतीव पात्याच्या कडेला केसाएवढी कोर उरते, ती प्रत्येक पात्याला वेगळ्या जागी, आणि ती शेवटी माणसालाच कानशीनं, हलक्या हातानं काढावी लागते. जास्त घासलं तर पातं भंगारात, कमी घासलं तर विमान धोक्यात. कंपनी म्हणाली, असे कुशल हात वर्षभरात द्या, नाहीतर आम्ही दुसऱ्या देशात जातो. आणि असा हात तयार व्हायला आयटीआयची दोन वर्षं आणि वर कारखान्यातली दोन वर्षं लागतात.

आता बोला! ज्यांनी आयटीआयमधली निम्मी पदं रिकामी ठेवली, ज्यांनी लेथवर ताडपत्र्या चढू दिल्या, ज्यांच्या राज्यात मालनबाई पोरांना झिजून गुळगुळीत झालेल्या कानशी वाटत होत्या, त्यांना एकाएकी कुशल हात पाहिजे झाले, आणि तेही दिवाळीच्या फराळासारखे तयार डब्यात भरून.

म्हणून आलं ‘हातोहात कौशल्य अभियान’, आणि त्याबरोबर आली बाही. पातळ काळ्या कापडाची, खांद्यापासून बोटांपर्यंत येणारी, आतून सगळीकडं तारांची जाळी. आपण हात हलवतो तेव्हा मेंदूकडून स्नायूंना विजेचे बारीक हुकूम येतात. कसबी माणसाच्या हातावर बाही चढवली की ती हे हुकूम टिपून घेते. मग तीच बाही शिकाऊ पोराच्या हातावर चढवली की ती टिपलेले हुकूम त्याच्या स्नायूंना देते. पात्याकडं बघायला बाहीला बारीक कॅमेरे असतात, त्यामुळं कुठं किती घासायचं तेही तीच ठरवते. पोरानं फक्त उभं राहायचं. सहा आठवड्यांत पोरगं कुशल. प्रमाणपत्र, त्यावर सरकारचा शिक्का, टाळ्या.

टिपायला हात लागत होता, आणि साऱ्या विभागात मालन चौगुलेंच्या हाताला तोड नव्हती. अंगावर तारा लावून त्या महिनाभर पाती घासत बसल्या. ‘हस्तगुरू’ म्हणून शाल मिळाली. त्या शालीचा त्यांना अभिमान होता, खोटं कशाला बोलायचं? आपली विद्या हजारो पोरांपर्यंत जाणार, असं त्यांना खरोखर वाटलं होतं. लेकीला पहिल्या तुकडीत त्यांनीच घातलं. ईश्वरी संक्रांतीपासून कंपनीत रोज बाही घालून पाती घासत होती.

आणि आता तिचं बोट वर राहत होतं.

*

दसरा जवळ आला की तळंदीत ट्रॉल्या रंगवायला निघतात. उसाचा हंगाम सुरू व्हायच्या आत प्रत्येकाला ट्रॉलीच्या मागच्या पत्र्यावर झकास नाव पाहिजे असतं, आणि ईश्वरी शाळेत असल्यापासून हे काम करत होती. खडूची रेघ न मारता, सावली पाडलेली अक्षरं ती अशी सोडायची की माणसं मोटरसायकल थांबवून बघायची. ‘आईची कृपा’, ‘बघतोस काय’, ‘पुन्हा भेटू’. गावातल्या निम्म्या ट्रॉल्या तिच्या हातच्या. तिचा हात मुळातच हलका होता, म्हणून तर अभियानाच्या निवडीत ती पहिली आली होती.

आनंदा गुरवानं सवयीनं त्याची ट्रॉली चौगुल्यांच्या दारात आणून उभी केली.

“पोरी, औंदा ‘मोरया’ लिव. मोठ्ठं! लांबनं दिसाय पाहिजे,” म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

सुट्टीच्या दिवशी ईश्वरीनं केस बांधले, लाल रंग कालवला, ब्रश बुडवला आणि पत्र्यापुढं उभी राहिली. ब्रश पत्र्यापासून वीतभर अंतरावर गेला आणि तिथंच राहिला. मालनबाई धुणं वाळत घालत होत्या. त्यांनी एक चादर पिळली, दुसरी पिळली, वळून बघितलं, तर पोरगी तशीच उभी. ब्रशावरनं रंगाचे थेंब तिच्या पायावर पडत होते.

“काय गं? काय लिहायचं इसरलीस काय?”

“हात सुरू हुईना, आई.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे? सुरू हुईना! थांबलाय नुसता.” ईश्वरीचा आवाज चिरकला. तिनं दातओठ खाऊन खांद्यातनं जोर लावला, तेव्हा ब्रश फाडकन पत्र्यावर आदळला आणि तिथं एक लाल फरकाटा उमटला. पुन्हा उचलला. पुन्हा तो पत्र्यासमोर थांबला, कुणीतरी सांगेल म्हणून. आणि अंगठीचं बोट ताठ वर.

ईश्वरीनं ब्रश डब्यात फेकला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. आतून रडण्याचा आवाज येत होता. मालनबाईंना आठवायला लागलं, गेले काही महिने पोरगी ब्लाउजची बटणं लावायला वेळ लावते, सुई ओवायला कंटाळते, वेणी घालून मागते. आपण तिला आळशी म्हणत होतो. त्यांच्या अंगाची आग आग झाली.

*

बाही बनवणाऱ्यांपैकी डॉ. आभा नेरूरकर पुण्याहून तळंदीला येणारच होत्या, अभियानाच्या दुसऱ्या टप्प्याच्या तयारीला. तिशीची, हुशार, अंगानं किरकोळ बाई. मालनबाईंनी त्यांना आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये बसवलं आणि सगळं सांगितलं.

“मॅडम, खरं सांगू का?” आभानं विचारलं.

“खोटं ऐकायला तुम्हाला चहा पाजला नाही मी.”

आभानं कप खाली ठेवला. “आपण हातानं काही शिकतो ते बरोबर करून नाही शिकत. चुकून शिकतो. कानस सरळ जाईल असं मेंदू धरून चालतो, कानस वाकडी जाते. धरलं काय आणि झालं काय, यातला फरक डोक्याच्या मागच्या बाजूला जो लहान मेंदू असतो तो टिपतो आणि पुढच्या वेळी तेवढी दुरुस्ती करतो. चूक, दुरुस्ती, परत चूक, परत दुरुस्ती. असं वर्षानुवर्षं झालं की आपण त्याला कसब म्हणतो. बाहीमध्ये चूक होतच नाही. तिचं काम तेच आहे. त्यामुळं लहान मेंदूला टिपायला काही उरत नाही. तो शिकतच नाही.”

“पण तिला यायचं ते का गेलं? ब्रश तर तिचा होता!”

“तिथं आमचं चुकलं.” आभा मान खाली घालून बोलत होती. “बाहीचा हुकूम आणि माणसाच्या मेंदूचा हुकूम एकाच वेळी आले की हातात ओढाताण होते, पातं खराब होतं. म्हणून आम्ही बाहीचा हुकूम जरासा आधी सोडतो. रोज सगळी पाळी असं झालं की मेंदू नाजूक कामाचा हुकूम सोडायचाच बंद होतो. कुणीतरी सोडणार आहे, म्हणून वाट बघत बसतो. भाकरी मोडणं, पिशवी उचलणं, ही ढोबळ कामं चालतात. ब्रश, सुई, कानस, यांचा रस्ता एकच. तो रस्ता बंद पडत चाललाय.”

“आणि हे बोट?”

“बोटाची ठेवण वेगळी. स्नायू सतत एकाच ठेवणीत राहिले की ती ठेवण अंगवळणी पडते. त्याला शिकावं लागत नाही.”

“म्हणजे माझी खोड गेली पोरीच्या हातात, आणि कसब राहिलं तुमच्या बाहीत.” मालनबाईंनी टेबलावर हात आपटला, कप नाचले. “परत येईल का तिचा हात? तेवढंच सांगा.”

“बाही आत्ताच सोडली आणि रोज स्वतःच्या हातानं चुकत राहिली, तर येईल असं मला वाटतं. कुणी हात धरायचा नाही, कुणी चूक सुधारून द्यायची नाही. पण वर्ष उलटल्यावर...” आभानं मान हलवली. “नाही माहीत. इतके दिवस बाही कुणी घातलेलीच नाही अजून.”

“हे वर सांगितलंत?”

“सांगितलं. ते म्हणाले, पाती तर नीट येताहेत ना?”

*

वर म्हणजे इंगवले साहेब. अभियानाचे विभागीय प्रमुख, माणूस कोल्हापूरचाच, कपाळाला नेहमी अष्टगंध, तोंडात साखर. त्यांनी मालनबाईंचं सगळं ऐकून घेतलं आणि हसले.

“मॅडम, तुम्ही आईच्या नजरेनं बघताय. पोरांचे हात दुखतात का? नाही. पगार वेळेवर होतो का? होतो. कंपनी खूश, सरकार खूश. घरी गेल्यावर ट्रॉली रंगवता येईना, ही काय तक्रार झाली?”

“साहेब, बाही काढली तर त्या पोरांना कानस धरता येत नाही. आणि तुम्ही त्यांना कुशल कामगार म्हणून प्रमाणपत्र दिलंय.”

“बाही काढायची कशाला पण?” इंगवल्यांनी हात पसरले. “आता दुसरा टप्पा. दोन वर्षांचा अभ्यासक्रम बंद, सगळ्या आयटीआयमध्ये बाही. तुमचा हात पुन्हा टिपायचाय, नव्या पात्यासाठी. ह्या वेळी ते बोट संगणकावर सरळ करून घेऊ, काळजी नको. घोषणेला मंत्रीमहोदय स्वतः येणार. खंडेनवमीला, इथंच, तुमच्या वर्कशॉपमध्ये. पहिल्या तुकडीतली पोरं प्रात्यक्षिक दाखवतील, तुमची ईश्वरीपण.”

“खंडेनवमीला हत्यार चालवत नाहीत, साहेब. त्या दिवशी ते पुजेत असतंय.”

“मला शिकवता होय? पण मंत्र्यांची दुसरी तारीख नाही. असं करू, कानशींची पूजा संध्याकाळी मांडा, सकाळी प्रात्यक्षिक उरकू.” मग इंगवल्यांना काहीतरी सुचलं आणि ते खुर्चीत पुढं सरकले. “पण पूजेचा फोटो तर पाहिजे. खंडेनवमी म्हटल्यावर लोक विचारणार. बाह्या पुजू! नव्या युगाचं शस्त्र! मंत्र्यांच्या हस्ते हळदकुंकू, झेंडूचा हार. काय फोटो येईल बघा!”



पुजलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सीमोल्लंघनाच्या वेळेपर्यंत कुणी उचलत नाही. तळंदीत शेंबडं पोरसुद्धा हे पाळतं. लोहार त्या दिवशी गिऱ्हाईक परत पाठवतो, शिंपी कात्रीला हात लावत नाही. इंगवल्यांच्या घरीही पाळत असतील. कानशींचं त्यांनी बरोबर लक्षात ठेवलं, बाहीचं विसरले. कारण बाही हे हत्यार आहे असं त्यांच्या मनाला कधी पटलंच नव्हतं, ते फोटोपुरतं होतं.

“चालेल की, साहेब,” मालनबाई म्हणाल्या. “बाह्या पुजू.”

*

घरी मात्र रणकंदन झालं.

“बाही सोड,” मालनबाई लेकीला म्हणाल्या. “उद्यापासून कामावर जाऊ नको.”

“सोडून काय करू? तीन वर्षांच्या आत सोडलं तर प्रमाणपत्र रद्द, मग कुठल्याच कारखान्यात कोण उभं करून घेणार न्हाई. करार वाचलायस ना तू? जामीन म्हणून सही केलीस तू!”

“प्रमाणपत्राची पुंगळी करून घाल चुलीत. हात राहील तुझा.”

“हात!” ईश्वरी किंचाळली. “तुझ्या आयटीआयत दोन-दोन वर्षं कानस घासलेली पोरं कुठं हायत, बघ जरा. हायवेवरच्या ढाब्यावर ताटं उचलत्यात. त्यांचे हात राहिल्यात ना, काय पेटवायचंय त्यांचं? मी पहिल्यांदा घरात फ्रीज आणला, तवा कौतुक करत हुतीस.”

पोरगी खरं बोलत होती. हात तयार करून पोरांना रस्त्यावर सोडणारे आणि हात काढून घेऊन पोरांना कामावर ठेवणारे, दोन्ही तेच लोक होते.

“डॉक्टरबाई म्हणाल्या, वर्ष उलटलं तर हात परत येईल का न्हाई, सांगता येत न्हाई.”

ईश्वरीचा चेहरा पांढराफटक पडला. मग ती हळू आवाजात बोलली, आणि ते ओरडण्याहून वाईट होतं.

“माझा हात त्यांना तूच दिलास, आई. शाल घेऊन.”

मालनबाईंचा हात उठला. तो हवेत होता तेव्हा त्यांना आपलंच ताठ बोट दिसलं आणि त्यांनी हात खाली घेतला. खंडेनवमीचं जे ठरवलं होतं ते त्यांनी लेकीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती आलीच नसती.

*

वर्कशॉपला झेंडूची तोरणं, दारात मांडव, समोर खुर्च्यांवर पोरांचे आईबाप, वार्ताहर, कॅमेरे. मधल्या टेबलावर पांढरं कापड, त्यावर काळ्या बाह्या ओळीनं मांडलेल्या. मंत्र्यांनी एकेका बाहीला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, नारळ फोडला. कॅमेऱ्यांचा नुसता लखलखाट. इंगवले घामानं डबडबले होते, पण खुशीत होते.

“चला रे पोरांनो,” त्यांनी हाक दिली. “बाह्या चढवा.”

एकही पोरगं हललं नाही. शेगड्यांपुढं उभी असलेली पोरं एकमेकांकडं बघायला लागली. एका पोरानं पुढं केलेला हात मागं घेतला.

मालनबाईंनी माईक हातात घेतला. “साहेब, पुजलंय आत्ता. पुजलेलं हत्यार उद्यापर्यंत उचलत नाहीत.”

खुर्च्यांमधून कुजबुज उठली. “बरोबर हाय की वो,” एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला.

“अहो मॅडम, ते यंत्र आहे,” इंगवले हसायचा प्रयत्न करत म्हणाले.

“मग पुजलं कशाला?”

मांडव खदखदून हसला. मंत्री पण हसले. त्यांना काय, कॅमेरे चालू होते, समोर गाव बसलं होतं, आणि चालीरीतीच्या आड येणं त्यांना परवडणारं नव्हतं. त्यांनी माईक मागून घेतला. “बाई बरोबर बोलल्या! आमच्या घरीसुद्धा आज विळीला कुणी हात लावत नाही. राहू द्यात बाह्या तिथंच. पोरं तयार झालीत ना? मग बिनबाहीचं दाखवतील! प्रमाणपत्र आपण पोरांना दिलंय, बाहीला दिलेलं नाही!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. इंगवल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ते मंत्र्यांच्या कानाशी लागायला गेले, पण मंत्री टाळ्या घेत होते. मागं उभ्या आभानं डोळे मिटून घेतले.

पोरांनी कानशी उचलल्या. उचलल्या आणि पात्यावर धरल्या, पात्यापासून बोटभर वर. तिथं त्या थांबल्या. सगळ्या पोरापोरींचं अंगठीचं बोट ताठ वर, एका रेषेत. मंत्र्यांना वाटलं, आपल्या इशाऱ्याची वाट बघताहेत. “हं, करा सुरू!” ते म्हणाले.

काही सुरू झालं नाही. कानशी हवेतच होत्या. पोरांच्या कपाळावर घाम आला. कुणाची तरी आई उभी राहून म्हणाली, “अरं संदेश, घास की! रोज घासतोस न्हवं?” त्या पोरानं शरमेनं अंगातला सगळा जोर लावला. कानस पात्यावरनं निसटली, त्याची बोटं शेगड्यावर खरडली आणि पात्यावर रक्त सांडलं. एक वार्ताहर फिस्सकन हसला.

ईश्वरीनं मान वळवली आणि आईकडं बघितलं. एका नजरेत तिला सगळं कळलं होतं. असली नजर मालनबाईंनी जन्मात सोसली नव्हती. पण आता मागं फिरायला जागा नव्हती.

“हसू नका!” त्या माईकमध्ये गरजल्या. “ह्या पोरांवर हसायचं नाही कुणी! ती कामचुकार नाहीत, मूर्ख नाहीत. ह्यांचा हात काढून घेतलाय, आणि मी त्याला मदत केलीय. बघा, सगळ्यांचं बोट वर आहे, ते माझं आहे! एवढंच मिळालं त्यांना. पाती कंपनीला मिळाली, फोटो सरकारला मिळाला, आणि माझ्या पोरीला स्वतःचा हात हलवता येत नाही. कशाला म्हणता ह्यांना कुशल? दोन वर्षं शिकवायला तुम्हाला वेळ नाही. शिक्षक भरायचे नाहीत, कानशी द्यायच्या नाहीत, शिकलेल्या पोरांना काम द्यायचं नाही, आणि आता म्हणे अभ्यासक्रमच बंद! माझा हात पुन्हा टिपायचाय ना? नाही देणार! तोडून नेला तरी नाही...”

माईक बंद पडला. इंगवल्यांनी वायर ओढली होती. पण पुढच्या रांगांना ऐकू जात होतं.

त्या गलक्यात कानस फरशीवर आपटल्याचा खणखणीत आवाज आला. ईश्वरीनं कानस टाकली होती. ती शेगड्यापासून निघाली, पुजलेल्या बाह्यांच्या टेबलाला वळसा घालून आली, आईच्या अंगावरून गेली आणि मांडवाबाहेर पडली.

*

दुसऱ्या दिवशी बातमी आली ती ‘तांत्रिक अडचणीमुळं प्रात्यक्षिक रद्द’ अशी. मालनबाईंना निलंबित केलं, शासकीय कार्यक्रमात अडथळा आणला म्हणून. दुसऱ्या टप्प्याची घोषणा पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या जिल्ह्यात झाली, दुसऱ्या कुणाचा तरी हात टिपायचं ठरवून. तिथं त्यांनी काही पुजलं नाही. एवढी अक्कल मात्र त्यांना आली. आभा नेरूरकरनं राजीनामा दिला आणि जे माहीत होतं ते सगळं नाव घालून छापलं. त्यावर चौकशी समिती नेमलीय म्हणतात. नेमा! समित्या नेमायला तरी हात लागत नाहीत. पहिल्या तुकडीतली दोन पोरं बाही सोडून घरी बसली, बाकीची कामावर गेली. त्यांना कोण काय म्हणणार?

ईश्वरीही कामावर गेली नाही. पण आईशी बोलतही नव्हती. ताट वाढलं तर जेवायची आणि उठून जायची.

आनंदा गुरवाची ट्रॉली दारात तशीच होती, लाल फरकाट्यासकट. तो येऊन कुरकुरून गेला, साखर कारखान्याचा भोंगा वाजायची वेळ आली म्हणाला. त्या दिवशी दुपारी ईश्वरी बाहेर आली. केसांना लावायचं रबर तिनं अंगठीच्या आणि मधल्या बोटाला मिळून गुंडाळलं, चांगलं घट्ट, आणि ब्रश रंगात बुडवला. मालनबाई पायरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

ब्रश पत्र्यापुढं थांबला. थांबला, थांबला. मग ब्रश टेकला आणि ‘म’ची गाठ पडायच्या जागी भलतीकडंच घसरला. तिनं एक कचकचीत शिवी हासडली, रॉकेलच्या बोळ्यानं पत्रा पुसला आणि परत ब्रश उचलला. परत घसरला. परत पुसला. अक्षर कसलं, शाळेत नुकतं घातलेल्या पोरानं काढावा तसा गिचमिडा होत होता.

मालनबाईंचा हात आपोआप उठला. एवढंसं तर काम होतं. मनगटाला जरा आधार दिला, जरासं उजवीकडं वळवलं, की गाठ बसली असती. त्या अर्ध्या उठल्यासुद्धा. मग खाली बसल्या आणि उजवा हात मांडीखाली घातला, ताठ बोटासकट.

“बघतीस काय नुसती?” ईश्वरी मागं न बघता खेकसली. खंडेनवमीपासून ती पहिल्यांदा बोलली होती. “चुकतंय न्हवं!”

“चुकू दे.”

“कुठं चुकतंय ते तरी सांग!”

“न्हाई सांगणार.”

ईश्वरी वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि पाण्याखाली नुसता संताप. गालाला रंग लागला होता. “मी तुला माफ केलेलं न्हाई,” ती म्हणाली.

“करू नको. लिही.”

तिनं ब्रश बुडवला आणि पत्र्याला लावला. ह्या वेळी हात थांबला नाही. अक्षर वाकडं आलं, पार उताराला लागलेल्या गाडीसारखं, पण ते कुणी सांगायच्या आत आलं. ईश्वरी त्या वाकड्या ‘म’कडं बघत राहिली. मग तिनं बोळा उचलला नाही, पुढचं अक्षर घेतलं, आणि तेही चुकायला लागलं.

मालनबाईंनी मांडीखालचा हात आणखी घट्ट दाबून धरला.